विस्थापनाचे घटक कसे पाडायचे: अकरावी सायन्सला नव्याने आलेल्यांसाठी

नववीला विस्थापन झालेले असते, दहावीला त्रिकोणमिती झालेली असते. दोन्हींत चांगले मार्क मिळवून आलेली मुले अकरावीला या दोन गोष्टी एकत्र आल्या की थबकतात. फळ्यावर एक तिरपा बाण येतो, शेजारी साइन-कोसाइन लिहिले जाते, आणि कोणत्या घटकाला साइन व कोणत्याला कोसाइन हे पाठ करायची धावपळ सुरू होते. चोपडा तालुक्यातल्या मराठी शाळेतून मीही याच वाटेने कॉलेजात गेलो आणि आता जळगावात अकरावीच्या मुलांना हेच शिकवतो. वह्या तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आकडेमोड बरोबर असते, पण चित्र काढायच्या आधीच सूत्र लिहिलेले असते आणि चूक तिथेच पक्की झालेली असते. म्हणून पुढच्या पायऱ्या चित्रापासून सुरू होतात. त्या क्रमाने करा. चौथी पायरी दोनदा वाचा, सर्वांत जास्त मार्क तिथे जातात.

कॉलेजात ‘डिस्प्लेसमेंट’, ‘व्हेक्टर’, ‘कंपोनंट’ हे शब्द कानावर येतील. इथे मी विस्थापन, सदिश, घटक असेच लिहितो. अक्षरेही सोपी ठेवली आहेत: विस्थापनाला ‘वि’, पूर्वेकडच्या घटकाला ‘पू’, उत्तरेकडच्या घटकाला ‘उ’.

जवळ काय ठेवायचे

- आलेखाची वही, पट्टी, टोक केलेली पेन्सिल आणि कोनमापक. कंपासपेटीतला जुना कोनमापक चालेल, फक्त त्यावरचे आकडे पुसट झालेले नसावेत.
- लॉग टेबलचे पुस्तक. बारावीच्या बोर्डाच्या फिजिक्स पेपरला लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. सवय आतापासून हवी.
- सरावासाठी फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, नकाशा आणि होकायंत्र.
- वावरात जाऊन करून पाहायचे असेल तर मोजटेप आणि दोन-चार खुंट्या. हे जरूर करा. चालून मोजलेला घटक डोक्यात पक्का बसतो.

१. अंतर आणि विस्थापन आधी वेगळे करा

जळगावहून चोपड्याला एसटीने गेलात तर गाडी रस्ता धरून वळत वळत जाते, तापीवरच्या पुलाकडे येते, मग पलीकडे जाते. तिकीट त्या रस्त्याच्या टप्प्यांवर लागते. ते अंतर झाले. जळगाववर एक टाचणी, चोपड्यावर दुसरी, आणि दोघींमध्ये ताणलेला सरळ दोरा: त्याची लांबी आणि त्याची दिशा मिळून विस्थापन होते. घटक या सरळ दोऱ्याचे पाडायचे, रस्त्याचे नाही.

प्रश्नात ‘एकूण किती चालला’ विचारले आहे की ‘सुरुवातीच्या ठिकाणापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे’ हे विचारले आहे, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. पुढचे सगळे गणित त्यावर ठरते.

२. दिशा ठरवा, आणि पक्की ठरवा

वहीत हे सोपे आहे. उजवीकडे पूर्व, वर उत्तर, डावीकडे पश्चिम, खाली दक्षिण. प्रत्येक गणिताला ही अधिकची खूण काढा. ‘मला माहीत आहे’ म्हणून सोडू नका, कारण पुढे चिन्हे लावताना नजर इथेच जाणार आहे.

वावरात गेल्यावर मात्र जपून. ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे मार्च आणि सप्टेंबरच्या २१ ते २३ तारखांच्या आसपासच नेमके खरे असते. आपल्याकडे, म्हणजे साधारण २१ अंश अक्षांशावर, डिसेंबरच्या शेवटी सूर्य खऱ्या पूर्वेपासून दक्षिणेकडे साधारण २५ अंश सरकून उगवतो, आणि जूनच्या शेवटी तेवढाच उत्तरेकडे. डिसेंबरमध्ये उगवत्या सूर्याकडे तोंड करून २०० मीटर चाललात आणि वहीत ‘पूर्वेला २०० मीटर’ लिहिलेत, तर दक्षिणेकडे सरकलेले जवळजवळ ८५ मीटर हिशेबातून गळले. हा आकडा कुठून आला ते चौथ्या पायरीनंतर तुम्हीच काढाल.

रात्री ध्रुवतारा पाहा. खान्देशात तो क्षितिजापासून साधारण २१ अंश वर दिसतो आणि त्याच्या खाली नेमकी उत्तर असते. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात सातपुडा उत्तरेला दिसतो, पण तो अंदाजापुरता. एवढ्या लांबरुंद डोंगररांगेवर कोन मोजता येत नाही. फोनचे होकायंत्र वापरत असाल तर विहिरीवरच्या मोटारीपासून, लोखंडी पाइपांपासून आणि ट्रॅक्टरपासून लांब उभे राहा. लोखंडाजवळ सुई भरकटते.

३. चित्र काढा आणि काटकोन त्रिकोण पुरा करा

उदाहरण घेऊ. विहिरीपासून निघून तुम्ही २०० मीटर सरळ चाललात, पूर्वेपासून उत्तरेकडे ३० अंश कलून.

वहीत १ सेंमी = २० मीटर असे प्रमाण घ्या. विहीर म्हणजे एक ठिपका. तिथून उजवीकडे पुसट आडवी रेघ, ही पूर्व. त्या रेघेवर कोनमापक ठेवून वरच्या बाजूला ३० अंशांची खूण करा आणि त्या दिशेने १० सेंमीचा बाण काढा. बाणाच्या टोकापासून आडव्या रेघेवर सरळ खाली लंब टाका. काटकोन त्रिकोण तयार झाला. बाण हा कर्ण. आडवी बाजू म्हणजे तुम्ही पूर्वेला किती सरकलात, उभी बाजू म्हणजे उत्तरेला किती.

घटक म्हणजे एवढेच: तिरप्या बाणाची त्या त्या दिशेच्या रेघेवर पडलेली सावली. सावली मूळ वस्तूएवढी किंवा तिच्यापेक्षा लहान. इथे ती कधीच मोठी होत नाही, कारण काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत मोठा. तुमचा घटक मूळ विस्थापनापेक्षा मोठा आला तर पुढे जाऊ नका, मागे वळा.

आता पट्टीने मोजा. आडवी बाजू ८.७ सेंमीच्या जवळ, उभी ५ सेंमी. म्हणजे पूर्वेला साधारण १७४ मीटर, उत्तरेला १०० मीटर. अजून एकही सूत्र लिहिलेले नाही आणि उत्तर हातात आहे. त्रिकोणमिती हेच उत्तर पट्टीशिवाय आणि जास्त अचूक देते.

४. कोन कोणत्या रेघेला चिकटला आहे ते पाहा

दहावीचे आठवा. कोसाइन म्हणजे कोनालगतची बाजू भागिले कर्ण. साइन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. त्यावरून:

लगतची बाजू = कर्ण × कोसाइन
समोरची बाजू = कर्ण × साइन

वरच्या चित्रात ३० अंशांचा कोन पूर्वेच्या रेघेला चिकटलेला आहे. म्हणून

पू = २०० × कोसाइन ३०° = २०० × ०.८६६ = १७३.२ मीटर
उ = २०० × साइन ३०° = २०० × ०.५ = १०० मीटर

आता प्रश्न थोडा बदलू. तेच २०० मीटर, पण ‘उत्तरेपासून पूर्वेकडे ३० अंश’. नवे चित्र काढा. कोन आता उभ्या रेघेला, उत्तरेला चिकटला. म्हणून

उ = २०० × कोसाइन ३०° = १७३.२ मीटर
पू = २०० × साइन ३०° = १०० मीटर

आकडे तेच, जागा बदलल्या. ‘आडव्याला कोसाइन, उभ्याला साइन’ असे पाठ केलेला विद्यार्थी इथे ठरून चुकतो. पाठ करायचेच असेल तर हे करा: कोन ज्या दिशेला चिकटलेला, त्या दिशेच्या घटकाला कोसाइन, दुसऱ्याला साइन. हा नियम नदीवर चालतो, उतारावर चालतो, पुढे बलाच्या आणि वेगाच्या धड्यांतही चालतो.

इंग्रजी पेपरात हीच गोष्ट ‘थर्टी डिग्रीज नॉर्थ ऑफ ईस्ट’ अशी येते. ‘ऑफ’च्या नंतर जी दिशा येते तिच्यापासून कोन मोजायला सुरुवात करायची आणि आधी आलेल्या दिशेकडे वळायचे. इथे ‘ऑफ’नंतर ईस्ट आहे, म्हणून पूर्वेपासून सुरुवात, उत्तरेकडे वळण, कोसाइन पूर्वेला. ‘नॉर्थ-ईस्ट’ एवढेच लिहिले असेल, म्हणजे नुसती ईशान्य, तर कोन ४५ अंशांचा आणि दोन्ही घटक सारखे.

वर सोडलेला ८५ मीटरचा आकडा: २०० × साइन २५° = २०० × ०.४२२६ = ८४.५ मीटर. दक्षिणेला साइन का, तर कोन पूर्वेला चिकटलेला आहे.

फोनच्या होकायंत्राची तऱ्हा वेगळी. ते ० अंश उत्तरेला धरते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजते: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. गणिताच्या पुस्तकात ० अंश पूर्वेला असतो आणि कोन घड्याळाच्या उलट मोजतात. होकायंत्राचा कोन सरळ पुस्तकातल्या सूत्रात टाकला तर पूर्व आणि उत्तर यांची अदलाबदल होते. होकायंत्राचा कोन असेल तर उत्तरेला कोसाइन आणि पूर्वेला साइन.

५. किमती कुठून आणायच्या

या किमती तोंडपाठ हव्यात:

- ३०°: साइन ०.५, कोसाइन ०.८६६
- ३७°: साइन ०.६, कोसाइन ०.८ (जवळपास)
- ४५°: दोन्ही ०.७०७
- ५३°: साइन ०.८, कोसाइन ०.६ (जवळपास)
- ६०°: साइन ०.८६६, कोसाइन ०.५
- ०°: साइन ०, कोसाइन १, ९०°: साइन १, कोसाइन ०

३७ आणि ५३ दहावीला नव्हते. ते ३, ४, ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणातून येतात आणि फिजिक्सच्या पेपरात सारखे भेटतात, कारण उत्तरे सुटसुटीत येतात.

७५ अंश आले तर? ७५ म्हणजे ४५ अधिक ३०:

साइन ७५° = साइन ४५° × कोसाइन ३०° + कोसाइन ४५° × साइन ३०° = ०.६१२ + ०.३५४ = ०.९६६

दोन कोनांच्या बेरजेचा हा नियम भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत, ज्योत्पत्तीच्या भागात दिला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, पाटणादेवीच्या त्या डोंगरांत, मुले ज्या-कोज्या, म्हणजे साइन-कोसाइन, शिकत असतील हे मला फार मोलाचे वाटते. पाटणादेवीला सहलीला गेलात तर हे लक्षात ठेवा.

लॉग टेबलातून किंमत काढताना तीन ठिकाणी घसरण होते.

पहिली, पान चुकते. ‘नॅचरल साइन्स’ आणि ‘लॉगॅरिदमिक साइन्स’ अशी वेगवेगळी पाने असतात. सरळ गुणायचे असेल तर ‘नॅचरल’चे पान.

दुसरी, कोसाइनच्या पानावर शेवटच्या रकान्यातला फरक वजा करायचा असतो. साइनला मिळवायचा, कोसाइनला वजा करायचा, कारण कोन वाढला की कोसाइन कमी होतो. कोसाइन ४०° = ०.७६६०, तर कोसाइन ४०° ३०′ = ०.७६०४.

तिसरी, टेबलात अंश आणि मिनिटे असतात. ४०.५ अंश म्हणजे ४० अंश ३० मिनिटे. ४० अंश ५० मिनिटे नव्हे. एका अंशात ६० मिनिटे.

कॅल्क्युलेटरचा सापळा एकच, पण मोठा. तो रेडियनवर (कोन मोजायचे दुसरे एकक) असेल तर साइन ३० चे उत्तर उणे ०.९८८ असे काहीतरी येते. रोज पहिल्यांदा साइन ३० दाबा. ०.५ आले तरच पुढे चला, नाहीतर ‘डिग्री’ निवडा.

६. चिन्हे चित्रावरून लावा

पूर्व आणि उत्तर अधिक, पश्चिम आणि दक्षिण उणे. सूत्रात लघुकोन टाकून घटकाची लांबी काढा, आणि चिन्ह बाणाकडे बघून द्या. बाण डावीकडे झुकला असेल तर ‘पू’ उणे, खाली झुकला असेल तर ‘उ’ उणे. नुसते ‘५.२ किमी’ लिहिणाऱ्या मुलांची पुढची बेरीज हमखास चुकते, म्हणून चिन्ह त्याच ओळीत, तेव्हाच लिहा.

अगदी सरळ पूर्वेला गेलेल्या टप्प्याचा उत्तरेचा घटक शून्य असतो. तो शून्यही लिहा. जागा रिकामी सोडली की बेरजेत पुढचा आकडा तिथे सरकतो.

७. घटकांवरून पुन्हा विस्थापन

उलटा रस्ता पायथागोरसचा:

वि = √(पू² + उ²)
टॅन (कोन) = उ ÷ पू

पहिले उदाहरण ताडून पाहा: १७३.२² + १००² = २९,९९८ + १०,००० = ३९,९९८. याचे वर्गमूळ जवळजवळ २००. घटक बरोबर होते. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे. प्रत्येक गणिताला करा.

कोनाचा खरा घोळ जळगाव-चोपड्यात दिसतो. फोनच्या नकाशावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश दिसतात. जळगाव साधारण २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व. चोपडा साधारण २१.२५ उत्तर, ७५.३० पूर्व. फरक: उत्तरेला ०.२४ अंश, पश्चिमेला ०.२६ अंश.

अंशांचे किमी करायचे आहेत. उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. पूर्व-पश्चिम दिशेत मात्र रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून इथे १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे: १११ × कोसाइन २१° = १११ × ०.९३४, म्हणजे साधारण १०४ किमी. घटक काढायच्या कामातही कोसाइन आलाच.

उ = ०.२४ × १११ = २६.६ किमी
पू = −०.२६ × १०४ = −२७.० किमी
वि = √(७०८ + ७२९) = √१४३७ ≈ ३८ किमी

कोनासाठी २६.६ ÷ (−२७.०) = −०.९८५. कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन दाबला की उत्तर येते उणे ४४.६ अंश. उणे कोन म्हणजे पूर्वेच्या खाली, आग्नेयेला. ते खरे मानले तर चोपडा जामनेरच्या बाजूला जाऊन बसेल! कॅल्क्युलेटर उलट्या टॅनचे उत्तर फक्त उणे ९० ते अधिक ९० या पट्ट्यातच देतो. उणे-अधिक कोणत्या घटकाचे होते हे भागाकारात हरवते, आणि ते त्याला पुन्हा सापडत नाही.

उपाय चित्रातच आहे. चिन्हे विसरून २६.६ ÷ २७.० चा उलटा टॅन घ्या: ४४.६ अंश. मग घटकांची चिन्हे बघा. पू उणे, उ अधिक, म्हणजे बाण डावीकडे आणि वर. उत्तर: पश्चिमेपासून उत्तरेकडे ४४.६ अंश, म्हणजे जवळपास नेमकी वायव्य. होकायंत्रावर साधारण ३१५.

तुमचे गाव आणि तुमचे कॉलेज घेऊन हेच गणित आज करा. फोनच्या नकाशात दोन ठिकाणांमधले सरळ अंतर मोजायची सोय असते, तिच्याशी उत्तर जुळवून बघा.

८. अनेक टप्पे असतील तर एक कोष्टक

केळी भरायला निघालेला छोटा हत्ती तीन टप्प्यांत फिरला. आधी ८ किमी सरळ पूर्वेला. मग १० किमी, पूर्वेपासून उत्तरेकडे ३७ अंश. मग ६ किमी, दक्षिणेपासून पश्चिमेकडे ६० अंश. तो निघाल्या जागेपासून किती दूर आहे?

८ + १० + ६ = २४ हे गाडीचे मीटर सांगेल. विस्थापनासाठी आकड्यांची सरळ बेरीज चालत नाही, घटकांचीच चालते.

- पहिला टप्पा: पू = +८, उ = ०
- दुसरा टप्पा: पू = १० × ०.८ = +८, उ = १० × ०.६ = +६
- तिसरा टप्पा: कोन दक्षिणेला चिकटला, म्हणून दक्षिणेला कोसाइन. उ = −६ × ०.५ = −३, पू = −६ × ०.८६६ = −५.२
- एकूण: पू = +१०.८, उ = +३

वि = √(११६.६४ + ९) = √१२५.६४ ≈ ११.२ किमी. कोन: ३ ÷ १०.८ = ०.२७८, उलटा टॅन १५.५ अंश. दोन्ही घटक अधिक, म्हणून पूर्वेपासून उत्तरेकडे १५.५ अंश.

तिसऱ्या टप्प्यात वर्गातली अर्धी मुले दक्षिणेला साइन लावतात, कारण आधीच्या टप्प्यात उभ्याला साइन लागला होता. प्रत्येक टप्प्याचे वेगळे छोटे चित्र काढा. मागच्या टप्प्याची सवय पुढच्यात नेऊ नका.

मधल्या आकड्यांना फार लवकर गोल करू नका. निदान तीन अंक शेवटपर्यंत न्या आणि उत्तर लिहिताना गोल करा. एकक सगळीकडे एकच ठेवा. एक टप्पा मीटरमध्ये आणि दुसरा किमीमध्ये असे गणित मुद्दाम दिलेले असते.

९. अक्ष पूर्व-उत्तरच असले पाहिजेत असे नाही

काम ज्याने सोपे होईल ते अक्ष घ्या, फक्त दोघांमध्ये काटकोन हवा.

तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. दक्षिण काठावरून निघालेली होडी प्रवाहाने ओढली गेली आणि तिचे विस्थापन झाले ४०० मीटर, उत्तरेपासून पश्चिमेकडे ३० अंश. पात्राच्या आडवा घटक ४०० × ०.८६६ = ३४६ मीटर, ही पात्राची रुंदी. पात्राच्या कडेने घटक ४०० × ०.५ = २०० मीटर, एवढी होडी खाली वाहवत गेली. नदी वळण घेत असेल तिथे अक्ष काठाला धरून घ्या.

उताराचे गणित मला सर्वांत जास्त आवडते, कारण ते घरी लगेच उपयोगी पडते. विहिरीपासून टेकाडावरच्या वावरात पाणी न्यायचे आहे. उतारावरून १२० मीटर पाइप लागतो, चढ १० अंशांचा. इथे एक अक्ष आडवा आणि एक उभा:

आडवा घटक = १२० × कोसाइन १०° = १२० × ०.९८४८ = ११८.२ मीटर
उभा घटक = १२० × साइन १०° = १२० × ०.१७३६ = २०.८ मीटर

मोटार घेताना दुकानदार विचारतो, ‘हेड किती?’ त्यात हा उभा घटक येतो. विहिरीत पाणी जमिनीपासून १५ मीटर खाली असेल तर चढवायची उंची १५ + २०.८ = ३५.८ मीटर. पाइपातल्या घर्षणामुळे थोडे हेड आणखी लागते, आणि तो हिशेब पाइपाच्या पूर्ण लांबीवर होतो, घटकावर नाही. पाणी सगळ्या पाइपातून घासत जाते, म्हणून तिथे विहिरीतला पाइपही धरा: १२० + १५ = १३५ मीटर. उंचीसाठी घटक आणि घर्षणासाठी लांबी, हा भेद ज्याला समजला त्याला अंतर आणि विस्थापनातला भेदही समजला असे मी धरतो.

चढाचा कोन कसा मोजायचा? कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला छोटे वजन बांधा. कोनमापकाची सरळ कड उताराच्या रेषेत धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकला तितका चढ.

सरावासाठी

१. धुळ्यापासून शिरपूर सरळ रेषेत साधारण ५० किमी, उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण १२ अंश. घटक काढा. (साइन १२° = ०.२०८, कोसाइन १२° = ०.९७८)

२. १५ अंशांच्या चढावर ८० मीटर पाइप टाकला. पाणी किती उंच चढवावे लागेल? (साइन १५° = ०.२५९)

३. एक सायकलस्वार ५ किमी गेला, पश्चिमेपासून उत्तरेकडे ३७ अंश. मग ५ किमी सरळ दक्षिणेला. शेवटचे विस्थापन काढा.

उत्तरे:

१. उ = +४८.९ किमी, पू = +१०.४ किमी. उत्तरेला कोसाइन लावला का, ते बघा.

२. २०.७ मीटर.

३. पू = −४, उ = +३ − ५ = −२. वि = √२० ≈ ४.४७ किमी. २ ÷ ४ चा उलटा टॅन २६.६ अंश. कॅल्क्युलेटरवर (−२) ÷ (−४) टाकले तरी अधिक २६.६ च येतो आणि ईशान्येकडची दिशा वाटते. पण दोन्ही घटक उणे आहेत, म्हणून खरी दिशा पश्चिमेपासून दक्षिणेकडे २६.६ अंश.